गोळी तीच, नोंद मात्र वेगळी

संधिवातावर मेथोट्रेक्झेट हे जुने, स्वस्त आणि गुणकारी औषध आहे. अट एकच, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. पण चिठ्ठीवरचे ‘आठवड्यातून एक’ घरी पोहोचेपर्यंत ‘रोज एक’ होते. मग तोंडात फोड, ताप, पांढऱ्या पेशी घसरलेल्या, अशा अवस्थेत रुग्ण वॉर्डात येतो. वाचला तर डिस्चार्ज कार्डावर लिहिले जाते, ‘पेशी कमी, उपचारांनी सुधारणा’. गोळीचा उल्लेखच नाही. उरलेल्या गोळ्या घरच्या डब्यात तशाच असतात.

कारण लिहिले जाते तेव्हाही बहुधा ‘ड्रग रिअ‍ॅक्शन’ एवढेच. हा शब्द सोयीचा आहे, म्हणूनच घातक आहे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात औषधाचा दुष्परिणाम आणि औषधाची विषबाधा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. औषध योग्य दिले, योग्य घेतले आणि तरीही त्रास झाला, तर तो दुष्परिणाम. मात्रा चुकली, औषध चुकले, दुसऱ्याचे घेतले, तर ती विषबाधा, मग चूक घरी झालेली असो की रुग्णालयात. रोज घेतलेले मेथोट्रेक्झेट ही विषबाधाच. पहिल्या प्रकारात औषधाचा फेरविचार करावा लागतो, दुसऱ्यात चिठ्ठी, पाकीट आणि समजावून सांगण्याची पद्धत सुधारावी लागते. नोंद करणारा कारकून अंदाज बांधू शकत नाही. डॉक्टरांनी लिहिले तेवढेच तो कोडमध्ये उतरवतो.

विषबाधेतही हेतू विचारला जातो: अपघाताने, जाणूनबुजून, की ठरवता येत नाही? इथे पोलीस केसची भीती आडवी येते. नातेवाईक सांगतात, ‘चुकून खाल्ल्या’, आणि वीस गोळ्या चुकून कशा खाल्ल्या जातात हे कोणी विचारत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तरीही ‘अपघात’ लिहिला जातो, आणि मानसोपचार विभागाकडे जाणारी चिठ्ठी लिहायची राहून जाते.

सर्वांत दुर्लक्षित प्रकार तिसरा, औषध कमी पडण्याचा. अमेरिकेत २०१५पासून वापरात असलेल्या आवृत्तीत प्रत्येक औषधगटाला त्यासाठी वेगळा कोड आहे. मेथोट्रेक्झेटच्या गटात अपघाती विषबाधा, दुष्परिणाम आणि कमी मात्रा यांचे कोड शेवटच्या भागातल्या एका अंकाने बदलतात: १, ५ आणि ६. शिवाय मात्रा का कमी पडली तेही लिहिता येते. पैसे नव्हते म्हणून, की वयामुळे लक्षात राहिले नाही म्हणून? ही व्यवस्था विम्याच्या बिलांसाठी जोपासली गेली हे खरे, पण हा प्रश्न बिलापलीकडचा आहे.

आपल्याकडे फिट येऊन दाखल झालेल्याच्या पेपरवर ‘नॉन-कम्प्लायंट’ असा शेरा पडतो. म्हणजे दोष रुग्णाचा. गोळ्या संपल्या होत्या, औषध खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटले होते, एक दिवसाची मजुरी बुडवून तो पुन्हा येऊ शकला नाही, यातले काही त्या शेऱ्यात नसते. इन्सुलिन संपून बेशुद्ध झालेला मधुमेही असो की गोळ्या सोडल्यावर अर्धांगवायू झालेला रक्तदाबाचा रुग्ण, दोघांची नोंद फक्त आजाराच्या नावाने होते. वर्षाअखेरीस आकडे गोळा होतात तेव्हा औषध न मिळाल्याने किती जण दाखल झाले, याचे उत्तर कुठल्याच रकान्यात सापडत नाही. मग औषधखरेदीची मागणी कशाच्या आधारे करायची?

यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ पुरते: कोणते औषध, किती सांगितले होते, प्रत्यक्षात किती घेतले आणि का. दुष्परिणामांसाठी २०१०पासून देशात औषधदक्षता कार्यक्रम आहे. तिथे रुग्णालाही तक्रार नोंदवता येते, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर. आणि घरच्यांनी दाखल करायला येताना गोळ्यांची पाकिटे, रिकामीसुद्धा, पिशवीत टाकून आणावीत. किती उरल्या ते मोजले, की निम्मा इतिहास तिथेच कळतो.