फुलोऱ्याची तारीख आणि विषुववृत्तावरची लाट

सटाणा, नामपूर, ताहाराबाद पट्ट्यात अर्ली द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या की सल्लागारांचे फोन थांबत नाहीत. अलीकडे त्यात एमजेओचा, म्हणजे विषुववृत्तावरून सरकणाऱ्या मॅडन-ज्युलियन आंदोलनाचा, नकाशाही फिरू लागला आहे. ढगांचा पट्टा हिंदी महासागरात आला, आता पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा येईल, मधल्या उघडिपीत फुलोरा धरा, असे सांगितले जाते. या हिशेबावर छाटणीची तारीख देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मॅडन आणि ज्युलियन यांनी १९७१ साली पॅसिफिकमधल्या कँटन बेटावरच्या नोंदींतून हे आंदोलन दाखवले. त्याचे आवर्तन ३० ते ६० दिवसांचे असते. पंचेचाळीस ही त्याची केवळ सरासरी आहे. मात्सुनो यांनी १९६६ साली मांडलेले विषुववृत्तीय लाटांचे गणित रेषीय आहे: दोन लाटा भेटल्या की सरळ बेरीज, आणि लाट दुप्पट मोठी झाली तरी वेग तोच. सेकंदाला जेमतेम पाच मीटर सरकणाऱ्या एमजेओच्या लाटेला हे गणित पुरत नाही. तिच्यातला वाराच तिच्या चालीच्या तोडीचा असतो, त्यामुळे तो तिचे बाष्प हलवतो आणि तिचा आकारही बदलतो. त्यात पाऊस कधी उणे पडत नाही! ओल्या बाजूला ढगांतून जेवढी उष्णता सुटते, तेवढी कोरड्या बाजूला वजा होत नाही. हवेतले बाष्प एका मर्यादेपलीकडे गेले की पाऊस एकदम उसळतो. यानो आणि ट्रिबिया यांनी तर २०१७ साली एमजेओ ही मुळातच तीव्र अरेषीय, एकाकी रॉस्बी लाट असावी असे सुचवले. हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्यापर्यंत येणारा ओलावा आणखी एक वळण घेतो. विषुववृत्ताजवळचे ढगपट्टे उत्तरेकडे सरकतात, हे सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी १९८० साली उपग्रहचित्रांवरून दाखवले. हा वेग दिवसाला साधारण एक अक्षांश. सटाणा साडेवीस अंशांवर, म्हणजे तीन आठवडे. तेवढ्यात बंगालच्या उपसागरातले एखादे कमी दाबाचे क्षेत्र सगळे चित्र पालटू शकते, आणि पट्टा आलाच तरी साल्हेरच्या डोंगराकडे पडणारा पाऊस नामपूरकडे पडेलच असे नाही. एल निनोसारख्या मोठ्या खुणेवरूनही एखाद्या महिन्याचा पाऊस ठरत नाही: २०२३ साली एल निनो ऑगस्टमध्येही होता आणि सप्टेंबरमध्येही. तरी देशाचा ऑगस्टचा पाऊस सरासरीहून ३६ टक्के कमी, १९०१ पासूनचा सर्वांत कमी, आणि सप्टेंबरचा १३ टक्के जास्त.

आता बागेचा हिशेब. छाटणीपासून फुलोरा पस्तीस-चाळीस दिवसांवर. हवामान विभागाचा दर गुरुवारचा विस्तारित अंदाज चार आठवड्यांचा, आणि त्यातले पहिले दोनच अधिक भरवशाचे. पोंगा आणि दोडा अवस्थेतल्या डाऊनीच्या फवारण्यांसाठी तो जरूर वापरा. फुलोऱ्यासाठी मात्र तालुक्याच्या जुन्या पर्जन्यनोंदी बघा आणि सगळे प्लॉट एकाच आठवड्यात छाटायला सांगू नका.

नकाशा पाठवायचाच असेल तर टप्प्याबरोबर तीव्रताही लिहा. एमजेओच्या टप्प्यांच्या आकृतीतला बिंदू मधल्या वर्तुळाच्या आत असेल तर लाट क्षीण आहे, तेव्हा त्यावरून बागायतदाराला काहीही सांगू नये.