इंजेक्शनाआधी दोन्ही दंड तपासा



छातीत कळ आली की ईसीजी, ईसीजी बिघडलेला दिसला की हृदयविकाराचा झटका, आणि झटका म्हटला की गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. हा क्रम आता तालुक्याच्या गावापर्यंत रुळला आहे आणि त्याने जीव वाचतात. पण महाधमनीचे आतले अस्तर फाटून रक्त तिच्याच भिंतीत शिरलेले असते, तेव्हा तेच इंजेक्शन जिवावर उठते. चीर हृदयाच्या उजव्या धमनीच्या मुखाशी पोचली, तर ईसीजीही झटक्यासारखाच दिसतो. म्हणून इंजेक्शनाआधी दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजावा, नाड्या चाचपाव्यात आणि कळ कशी सुरू झाली ते विचारावे. क्षणात असह्य झालेली, पाठीत फाडत गेल्यासारखी कळ, दोन हातांच्या दाबात 20 पेक्षा जास्त फरक किंवा कळीबरोबरच एका पायातले बळ जाणे, यांतले काही आढळले तर आधी सीटी अँजिओग्राफी हवी. दाब दोन्हीकडे सारखा आला म्हणून शंका सोडू नये, हेही तितकेच खरे.

निदानानंतरचा प्रश्न रुग्णाला कुठे न्यायचे हा, आणि वर्गीकरणाचा खरा उपयोग तिथे आहे. 1970 साली स्टॅनफर्डच्या शल्यचिकित्सकांनी एकच गोष्ट विचारली: हृदयातून वर चढणारा भाग फाटला आहे का? असेल तर ‘ए’ प्रकार, तातडीची शस्त्रक्रिया. नसेल तर ‘बी’. त्यात बहुतेकांना अतिदक्षता कक्षात नाडी व दाब उतरवणारी औषधे पुरतात, आणि आतडी, मूत्रपिंड किंवा पायाचा रक्तपुरवठा तुटला वा धमनी फुटू लागली तर आतून स्टेंट घालतात. कमानीपुरती चीर या दोन अक्षरांत नीट बसत नाही, असा तज्ज्ञांचा आक्षेप रास्त आहे. पण जिल्ह्याच्या दारात पहिला निर्णय याच प्रश्नावर ठरतो. शस्त्रक्रियेविना ‘ए’ प्रकारात पहिल्या दोन दिवसांत दर तासाला एक ते दोन टक्के मृत्यू, असा जुना अंदाज होता. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय नोंदींत तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला, तरी धाराशिवहून पुणे अडीचशे किलोमीटर आहे. अँजिओप्लास्टी होते त्या प्रत्येक ठिकाणी महाधमनीची शस्त्रक्रिया होत नाही. ती कुठे होईल हे फोनवर पक्के करूनच रुग्णवाहिका हलावी. वाटेतल्या दोन रुग्णालयांच्या दारांत गेलेले तास परत मिळत नाहीत.

आजार दुर्मीळ आहे, असे म्हटले जाईल. पाश्चात्त्य पाहण्यांत वर्षाला लाखामागे तीनेक रुग्ण सापडतात. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाख होती. हेच प्रमाण धरले तर वर्षाला पन्नासेक माणसे होतात. मग ती कोणत्या निदानाखाली नोंदली जातात? झटक्याच्या उपचाराला उशीर होईल, ही भीती अधिक गंभीर आहे आणि म्हणूनच मी सरसकट सीटी मागत नाही. दुसऱ्या दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटे लागतात. इथे शस्त्रक्रियाच होत नाही, मग ओळखून काय उपयोग, असेही विचारतील. उपयोग इथूनच सुरू होतो: वेदना शमवणे, आधी बीटा-ब्लॉकरने नाडी साठच्या आसपास आणणे, मग वरचा दाब 100 ते 120 मध्ये ठेवणे. यासाठी हृदयशल्यविशारद लागत नाही. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक आपत्कालीन कक्षासाठी एका पानाची लेखी कार्यपद्धती त्याने तयार करावी, आणि तिच्यात पहिली ओळ दोन्ही दंडांच्या रक्तदाबाची असावी.

— एक वाचक, धाराशिव