सेल पाचच, खाचा मात्र अनेक

बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलच्या नावाखाली आमच्या सुतारांची चाललेली दिशाभूल आता पुरे! एका बॅटरीवर ‘१८ व्होल्ट’ छापतात, दुसरीवर ‘२० व्होल्ट’. पोटात दोहोंच्याही ३.६ व्होल्टचे लिथियम सेल पाचच. पहिला आकडा कामाच्या वेळच्या सरासरी दाबाचा, दुसरा नुकत्याच पूर्ण भारलेल्या बॅटरीचा. इतके साम्य असूनही एकीची खाच दुसरीच्या यंत्रात बसू नये, हा काय न्याय? यंत्र धडधाकट असते, बॅटरी तेवढी मरते. आणि नवी घ्यावी तर त्याच कंपनीची, ती सांगेल त्या दराने! समाईक खाच अशक्य म्हणावी, तर २०१८ साली जर्मनीत मेटाबोच्या पुढाकाराने अनेक कंपन्यांनी एकच बॅटरी स्वीकारली आहे. मग इतरांनाच अडचण कसली? टॉर्चमध्ये कोणाचेही सेल चालतातच ना!