प्रतिदीप्त पट्टी : इशारा, दाखला नव्हे
कीडनाशकाच्या रेणूशी संयोग होताच ज्यांची प्रतिदीप्ती मंदावते वा वाढते, असे पदार्थ आता कागदी पट्टीवर उतरू लागले आहेत. बांधावरच अवशेषांचा अंदाज मिळणे ही मोलाची सोय आहे. परंतु पट्टी ज्यासाठी बनवली, तेवढेच ती दाखवते. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षे अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकामुळे. निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते नव्हतेच. शिवाय पालेभाजीतील हरितद्रव्य स्वतःच प्रतिदीप्त होऊन निष्कर्षात घोळ घालू शकते. म्हणून पट्टीने इशारा दिल्यास काढणी थांबवून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. इशारा न मिळणे हा मात्र निर्दोषत्वाचा दाखला मानू नये. फवारणीची नोंदवही आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी यांना पट्टी हा पर्याय नाही, हे विस्तार कार्यकर्त्यांनी आग्रहाने सांगावे.