परक्या गावातला शनिवार

ऑनसाइट गेलेल्या मित्राचे फोटो बघून तुम्हीही कधी ना कधी सुस्कारा टाकलाच असेल. या शनिवारी प्राग, पुढच्या शनिवारी अ‍ॅमस्टरडॅम, मध्येच एखादा रविवार स्विस बर्फात. आपण इकडे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गिअर बदलत बसलोय आणि साहेब तिकडे आयफेल टॉवर चिमटीत धरून उभे! लाइक करतो, मनातल्या मनात जळतो आणि पुढे सरकतो.

माझा एक शाळूसोबती असाच गेली दोन वर्षं स्टुटगार्टला आहे. आम्ही दोघं नालवाडीचे. नालवाडी म्हणजे वर्धा शहराला खेटून, नागपूर रोडवरचं गाव. पठ्ठ्याच्या फ्रिजवर आजघडीला चौदा शहरांचे चौदा मॅग्नेट आहेत. परवा मात्र फोनवर म्हणाला, "सोमवार ते शुक्रवार काही वाटत नाही गं. शनिवारची सकाळ खायला उठते."

ऐकून नवल वाटलं, पण हिशेब सोपा आहे. आठवडाभर ऑफिस सोबत असतं. शुक्रवारी संध्याकाळी टीममधली मंडळी "श्योनेस वोखनएंडे" म्हणजे "हॅपी वीकएंड" म्हणून आपापल्या घरी जातात. रविवारी जर्मनीत दुकानं कायद्यानंच बंद. म्हणजे 'चला, मॉलमध्ये चक्कर मारू' हा आपला हुकमी उपायही बाद. मग माणूस काय करतो? तिकीट काढतो.

तिकीट काढणं तिथं सोपंही आहे. जर्मनीचा रेसिडेन्स परमिट हातात असला की शेंगेनमधल्या बाकी देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. देशात फिरायचं तर 'डॉइचलांड-टिकेट' आहे. मे २०२३ मध्ये ते महिन्याला ४९ युरोत सुरू झालं, २०२५ मध्ये ते ५८ होतं. ते खिशात असलं की देशभरच्या लोकल आणि रीजनल गाड्यांत महिनाभर हवं तितकं फिरा. सोय आहे, पगार आहे, कॅमेरा आहे. तरी शनिवार खायला उठतोच.

"चौदा शहरांत मिळून मी किती माणसांशी बोललो असेन, सांग," तो म्हणाला. मग स्वतःच उत्तर दिलं. हॉटेलच्या रिसेप्शनवरचे लोक, आणि ज्यांना 'एक फोटो काढता का' म्हणून फोन दिला ते.

आता सीन बदलू. परदेश म्हणजे विमानतळाच्या पलीकडचं काहीतरी, असं आपल्याला वाटतं. पण कुणासाठी तरी वर्धासुद्धा परदेशच असतो की! १९९७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय सुरू झालं. वेगवेगळ्या देशांतली मुलं-मुली तिथं हिंदी शिकायला येतात. विशी-पंचविशीतली, घरापासून हजारो किलोमीटर दूर. त्यांनाही शनिवार असतोच.

मागच्या डिसेंबरात मी घरी गेले होते तेव्हा अशाच दोघीजणी नालवाडीत भेटल्या, एक थायलंडची, एक चीनची. त्यातल्या थाई मुलीनं आमच्या शेजारच्या काकूंना विचारलं, "क्षमा कीजिए, विनोबा जी यहाँ किस स्थान पर निवास करते थे?" आमच्याकडे हिंदी बोलतात ती नागपुरी थाटाची, 'अबे-काबे'वाली. एवढं शुद्ध हिंदी काकूंनी बातम्यांतच ऐकलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इथं काय पाह्यासारखं आहे वं? पवनारले जा म्हणावं."

काकूंचं सोडा, पण मुलीचा प्रश्न बरोबर होता. पवनारच्या आधी विनोबांचा मुक्काम नालवाडीतच होता. १९३२ च्या डिसेंबरात ते इथं राहायला आले आणि फक्त सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर जगता येतं का, याचा प्रयोग त्यांनी इथं केला. मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचं चर्मालयही त्या काळी नालवाडीत होतं. तब्येत बिघडली तेव्हा १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला गेले आणि तिथलेच झाले.

"पवनार बघितलं का?" मी विचारलं. "तीन बार," ती म्हणाली.

वर्ध्याचं साइटसीइंग तसं आटोपशीर आहे. सेवाग्राम आठ किलोमीटर. गोपुरीला गीताई मंदिर, ज्याला ना छत ना मूर्ती, नुसत्या उभ्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय. त्याला लागूनच विश्वशांती स्तूप. मग पवनार, आणि जंगल हवं तर बोर अभयारण्य. दोन शनिवार-रविवारांत यादी खल्लास. तिसऱ्या शनिवारी करायचं काय? स्टुटगार्टमध्ये याचं उत्तर असतं पंधरावं शहर. वर्ध्यात पंधरावं शहर नाही. म्हणून या मुली त्याच जागी पुन्हा गेल्या.

पहिल्यांदा पवनारला तिनं फोटो काढले. दुसऱ्यांदा फोटो काढायला काही उरलं नव्हतं, म्हणून नदीकाठी बसून राहिली. तिसऱ्यांदा आश्रमातल्या एका आजींनी तिला ओळखलं. त्यांच्या शेजारी बसून तिनं तासभर शेंगा निवडल्या आणि 'निवडणे' हे क्रियापद कायमचं पाठ करून टाकलं. मराठी! अभ्यासक्रमात नसलेलं.

या मातीत अशी माणसं पूर्वीही आली. लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार जून १९४२ मध्ये सेवाग्रामला एक आठवडा राहिला. वर्ध्याचा जून काय असतो ते वर्धेकरांनाच विचारा. त्यानं शक्कल लढवली. पाण्यानं भरलेल्या टबात लाकडी खोकं ठेवून त्यावर बसायचं, दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर, आणि काम चालू! त्या आठवड्याचं त्यानं छोटं पुस्तक केलं. पण तो तिथंच थांबला नाही. १९४६ मध्ये पुन्हा येऊन गांधीजींना पुण्यात आणि पाचगणीला भेटला. त्यानंतर, १९५० मध्ये, त्यानं लिहिलेलं गांधीजींचं चरित्र आलं, ज्याचा आधार पुढे अ‍ॅटनबरोच्या सिनेमाला झाला.

जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले. त्यांचा मंत्र आश्रमाच्या रोजच्या प्रार्थनेत सामील झाला आणि सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात त्यानंच होते. आणि मीराबेन? ब्रिटिश अ‍ॅडमिरलची ही मुलगी, मूळची मॅडलिन स्लेड, गांधीजींच्याही आधी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेली होती. आज आपण रांगेनं बघतो ती बापू कुटी मुळात तिच्यासाठी बांधलेली.

सगळ्यांनी मीराबेन व्हावं, असं मी अजिबात म्हणत नाहीये. होम लोन आहे, अप्रेझल आहे, दोन वर्षांनी परत यायचंय. प्रागही बघाच, पूल खरंच सुंदर आहे म्हणतात. मुद्दा एवढाच, की नवीन शहर तुम्हाला रमवतं, पण ओळखत नाही. ओळखणारं कुणी हवं असेल तर एका जागी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जायला लागतं. तिथं फोटोला नवीन काही मिळत नाही, म्हणून आपण टाळतो. आणि एकटेपणा तिकीट काढून आपल्याच सोबत पुढच्या शहरात येतो.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो आधी हसला. म्हणाला, "म्हणजे मी आता शेंगा निवडू?" पण त्यानंतरचे तीन शनिवार तो ट्युबिंगेनलाच गेला. लोकल गाडीनं तासाभरावरचं, नदीकाठचं युनिव्हर्सिटीचं गाव. आठवडी बाजारात एक आजोबा सफरचंदं विकतात. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "भारतातून कुठून?" यानं नालवाडी म्हणून सांगितलं आणि फोनवर नकाशा उघडून दाखवला. मागे लाइन थांबली होती म्हणे. मॅग्नेट अजून चौदाच आहेत.

जायची तयारी चालू असेल तर एवढं करा :

* पहिले तीन महिने मनसोक्त फिरा. त्यानंतर महिन्यातला एक शनिवार 'रिपीट'साठी राखून ठेवा.
* रिपीटची जागा तासाभराच्या अंतरावरची निवडा. पहाटे चारची फ्लाइट असेल तर तिथं तुम्ही पुन्हा जाणार नाही.
* बाजार, वाचनालय, हायकिंग ग्रुप चालेल. जिथं तीच माणसं पुन्हा दिसतात, तिथं जा.
* तिथल्या भाषेतली दहा वाक्यं शिका. अकरावं तुम्हाला कुणीतरी शिकवेल.
* आणि तुमच्या गावात कुणी परदेशी पोर पत्ता विचारत असेल, तर पत्त्यासोबत चहाही विचारा. वर्ध्यात असाल तर गोरसपाक खिलवा. ती पुन्हा येईल.