आवाज गेला म्हणून फॉरमॅट? जरा थांबा!

जुन्या कॉम्प्युटरचा आवाज अचानक बंद झाला तर काय काय तपासायचं, ते या आठवड्याच्या व्हिडिओत करून दाखवलंय. इथे मात्र मला माझं मत मांडायचंय. नुसता आवाज गेला म्हणून विंडोज फॉरमॅट करणं मला अजिबात पटत नाही. तुम्ही दुकानदार असाल तर करू नका, ग्राहक असाल तर करू देऊ नका.

का, ते सांगतो. घरातल्या जुन्या मशिनवर लोक सगळं कुठे ठेवतात? डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये. म्हणजे बहुतेक वेळा सी ड्राइव्हमध्येच. मुलांचे फोटो, टॅलीचा जुना डेटा, श्रीलिपीत केलेल्या पत्रिका. फॉरमॅट मारला की हे गेलं, आणि जुनं सॉफ्टवेअर परत टाकायला सीडी कुणाकडे असते? बिघाड असतो स्पीकरच्या वायरीत आणि पुसला जातो दहा वर्षांचा हिशोब.

तपासायचं बाहेरून आत. आधी स्पीकरची पिन काढून जॅक असलेल्या मोबाईलला लावा. वाजला तर स्पीकर ठीक आहे. मग सीपीयूच्या मागे बघा, पिन हिरव्याच जॅकमध्ये आहे ना? दिवाळीच्या साफसफाईनंतर ती गुलाबीत, म्हणजे माईकच्या जॅकमध्ये गेलेली असते, हे दर वर्षीचं आहे! पुढच्या बाजूला हेडफोन लावलेला राहिला असेल तर अनेक मशिनवर मागचा आवाज आपोआप बंद होतो, तेही बघा.

नवीन मॉनिटर घेतलाय आणि तो एचडीएमआय केबलने जोडलाय? मग विंडोज कधी कधी आवाज मॉनिटरकडे पाठवतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. खाली घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आऊटपुट बदला. काम झालं. याला फॉरमॅटचे पैसे घेणं म्हणजे पंक्चर काढायला आलेल्याला नवीन टायर विकणं.

त्या चिन्हावर लाल फुली असेल तर विंडोज की आणि आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाका. यादीतली 'विंडोज ऑडिओ' सर्व्हिस रिस्टार्ट करा. तरी नाही? मग डिव्हाइस मॅनेजर. जुन्या मदरबोर्डवर बहुधा रिअलटेकची साऊंड चिप असते आणि अपडेटनंतर तिचा ड्रायव्हर बिघडू शकतो. तिथे 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ते बटन फिकट दिसत असेल तर डिव्हाइस अनइन्स्टॉल करून मशिन रिस्टार्ट करा, विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर टाकून घेतं.

एवढं करूनही गप्पच असेल, तर माझी आवडती टेस्ट आहे. पेन ड्राइव्हवरून उबंटू चालवा, इन्स्टॉल न करता, फक्त 'ट्राय' करून. हार्डडिस्कला हातही लागत नाही. तिथे आवाज आला तर चिप शाबूत आहे, दोष विंडोजच्या बाजूचा. तिथेही आला नाही तर बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद तर नाही ना, ते बघा. चालू असेल तर चिप गेली असं धरा आणि दोनशे-तीनशे रुपयांचं यूएसबी साऊंड कार्ड लावा.

हल्ली अजून एक ऐकू येतं: "विंडोज 10 बंद झालं, म्हणून आवाज गेला, नवीन मशिन घ्या." विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं. पण त्याने आवाज जात नाही. तो सुरक्षेचा विषय आहे, त्यावर वेगळं बोलू. दोन्हीची सरमिसळ करून ग्राहकाला घाबरवू नका.

आता दुकानदार मित्रांसाठी. तुमची अडचण मला माहीत आहे, मीही काउंटरवरच बसतो. फॉरमॅटचा रेट ठरलेला आहे, गिऱ्हाईक तो निमूट देतं. दहा मिनिटं डोकं लावून दोष शोधला तर म्हणतात, "केलं काय, नुसतं बटन तर दाबलं!" म्हणून आपण फॉरमॅट मारतो. यावर उपाय म्हणजे चेकिंग चार्जचा बोर्ड लावा. माझ्याकडे 150 रुपये आहे, काम आमच्याकडेच केलं तर बिलातून वजा. आणि बिलावर 'रिपेअर' असं मोघम न लिहिता नेमका दोष लिहा: 'आऊटपुट मॉनिटरवर गेला होता, बदलला.' काहीजण कुरकुर करतात, एखादा निघूनही जातो. जाऊ दे. पण ज्याचा डेटा वाचतो तो पुढचा प्रिंटर तुमच्याकडूनच घेतो. आणि ग्राहकांनो, हे 150 रुपये देताना घासाघीस करू नका हो, तुमचे फोटो त्यातच वाचतात.

उबंटूचा पेन ड्राइव्ह कसा बनवायचा ते पुढच्या व्हिडिओत. किमान 8 जीबीचा एक पेन ड्राइव्ह रिकामा करून ठेवा. त्यातलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी कॉपी काढा.