गुलाबाचं एक फळ झाडावर राहू द्या

पावसाळा सरत आला की रोपवाटिकांमध्ये कलमी गुलाबांच्या काळ्या पिशव्या ओळीने मांडल्या जातात. टपोरं फूल पाहून रोप घरी येतं, पहिला बहर झकास होतो आणि एखाददुसऱ्या उन्हाळ्यात झाड बसतं. कधी डोळा भरलेली फांदी वाळते आणि खालच्या खुंटाचे फुटवेच फोफावतात. मग पुन्हा नवी पिशवी. हौशी बागकाम करणाऱ्यांनी या चक्रातून बाहेर पडावं आणि निदान एकदा तरी गुलाब बियांपासून वाढवून पाहावा.

बी मात्र विकत घेऊ नये. निळ्या किंवा सप्तरंगी गुलाबाच्या बियांची जी पाकिटं ऑनलाइन विकली जातात, ती शुद्ध फसवणूक आहे. निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात नसतंच. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकबदल करून काढलेला गुलाबसुद्धा जांभळट दिसतो. सप्तरंगी फूल तर कापल्यावर देठ चिरून रंगीत पाण्यात ठेवलेलं असतं. ते रंग बियांत उतरणार कुठून?

शिवाय संकरित गुलाबाचं रोप बियांतून आईसारखं येत नाही. प्रत्येक बी म्हणजे एक नवा गुलाब. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी १९३५ मध्ये केलेल्या संकरातून उगवलेल्या एका रोपाची पुढे जगभर कलमं झाली. तोच १९४५ मध्ये अमेरिकेत नाव मिळालेला ‘पीस’. हे काम व्यावसायिकांनीच करावं असंही नाही. ‘एना हार्कनेस’ हा गाजलेला लाल गुलाब इंग्लंडच्या अल्बर्ट नॉर्मन यांचा. पोटापाण्यासाठी ते हिरे जडवण्याचं काम करत.

आपल्याकडे या कामाची गरज अधिक आहे. इथे लावले जाणारे अनेक गुलाब युरोपातल्या थंड हवेत निवडलेले असतात. मे महिन्यातलं विदर्भाचं ऊन किंवा कोकणातला पाऊस त्यांच्या पैदासकारांनी पाहिलेलाच नसतो. गव्हाचे थोर संशोधक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी दिल्लीत गुलाबांच्या कितीतरी नव्या जाती काढल्या. सनदी सेवा सोडून कोडाईकनालला राहिलेल्या एम. एस. वीरराघवन यांनी ‘रोझा क्लायनोफिला’ आणि ‘रोझा जायगँशिया’ या भारतात आढळणाऱ्या रानगुलाबांशी संकर करून उष्ण हवेतले गुलाब घडवले. ही वाट घरच्या गच्चीपर्यंत यायला हवी.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नोव्हेंबरअखेर बहर येतो. त्यातली दोन-चार फुलं कोमेजल्यावर खुडू नयेत. फळ धरलं तर ते साधारण चार महिन्यांत पिकून नारिंगी होतं. आडवं चिरलं की आतल्या लवेत रुतलेल्या टणक, टोकदार बिया दिसतात. कधी जेमतेम पाच, कधी वीस-पंचवीस. गर धुऊन टाकून बिया सुकवाव्यात आणि उन्हाळाभर फ्रिजमध्ये जपाव्यात. पावसाळा उतरणीला लागला की त्या ओल्या कोकोपीटमध्ये मिसळून डबीत भराव्यात आणि सहा ते दहा आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच अंशांवर ठेवाव्यात. फ्रीझरमध्ये नव्हे. या ओल्या गारव्याशिवाय बियांची सुप्तावस्था सहसा मोडत नाही. पाण्यावर तरंगणारं बी फोल, असं सरसकट सांगितलं जातं. पण त्यातलीही काही उगवतात, म्हणून तीही पेरावीत.

नोव्हेंबरमध्ये रात्री गार झाल्या की निचऱ्याच्या मातीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल पेरावं. सगळं एकदम उगवत नाही. काही बिया पंधरवड्यात, काही दोन महिन्यांनी, तर काही थेट पुढच्या हिवाळ्यात उगवतात. म्हणून कुंडी रिकामी करायची घाई नको. आधी दोन गुळगुळीत, लंबगोल दलपत्रं येतात आणि मग करवती कडांचं पहिलं खरं पान. या वयात पाणी जास्त झालं की रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात.

आईबाप सतत फुलणारे असतील तर वीतभरही न वाढलेलं रोप दोन-अडीच महिन्यांत कळी धरतं. पहिलं फूल बहुधा फिकट, कमी पाकळ्यांचं असतं. त्यावरून रोप उपटणं हा अन्याय आहे. पाकळ्यांची संख्या, रंग, गंध यांचा खरा अंदाज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, बुंधा जाड झाल्यावर येतो.

निवड मात्र कठोरपणे करावी आणि ती फुलाच्या आधी पानांवरून करावी. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या ठिपक्यांनी जी रोपं पानं गाळतात ती काढून टाकावीत. ज्यांनी मेचं ऊन आणि पाऊस दोन्ही सोसून पानं टिकवली ती ठेवावीत. गुलाब प्रदर्शनांत घरी बियांपासून वाढवलेल्या रोपांसाठी जिथे वेगळा विभाग नसेल तिथे आयोजकांनी तो सुरू करावा. आवडलेल्या रोपाच्या फांद्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या की हिवाळ्यात त्यांची छाटकलमं करून दोन-तीन घरांत वाटावीत, म्हणजे एका गच्चीवरचं मूळ झाड गेलं तरी जात हातची जाणार नाही.